हाडातली टायटॅनियमची प्लेट नंतर काढावीच लागते का?

बहुतेक वेळा नाही. मोठ्या माणसांत प्लेट टोचत नसेल, जंतुसंसर्ग नसेल, तर ती तशीच राहू देतात. टायटॅनियमवर ऑक्साइडचा अतिपातळ थर आपोआप धरतो, त्यामुळे ते शरीरात सहसा गंजत नाही. स्वीडनचे संशोधक ब्रोनेमार्क यांनी १९५० च्या दशकात सशाच्या हाडात टायटॅनियमचं छोटं उपकरण बसवलं होतं. प्रयोग संपल्यावर ते निघेचना, हाड त्याला घट्ट चिकटलं होतं! दातांचे आजचे इम्प्लांट त्यातूनच आले.

खरी अडचण ताठपणाची. हाडाच्या बाहेरच्या कठीण भागाचा ताठपणा साधारण १५-२० गिगापास्कल (ताठपणा मोजायचं एकक), टायटॅनियमच्या मिश्रधातूचा ११० च्या आसपास, स्टीलचा तर २०० च्या घरात. सगळा भार प्लेटच उचलायला लागली, की खालच्या हाडाला काम उरत नाही आणि ऑस्टिओक्लास्ट (हाड झिजवणाऱ्या) पेशी ते हळूहळू पोखरतात. या बाबतीत स्टीलपेक्षा टायटॅनियम बरं.

लहान मुलांत मात्र हाड वाढतं असल्याने प्लेट बरेचदा काढतात. काढल्यावर स्क्रूची भोकं भरेपर्यंत काही महिने उड्या, मैदानी खेळ बंद. हाड तिथेच पुन्हा मोडू शकतं. तुमच्या बाबतीत काय, ते एक्स-रे बघून तुमचे डॉक्टरच सांगतील.