जॅकेट फेकू नका : जुन्या राजकीय उपहास-कादंबऱ्यांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वाड्यातल्या पेटीत जॉर्ज ऑर्वेलच्या 'ॲनिमल फार्म'ची हिरवी कापडी प्रत निघाली. आत 'मे 1945' छापलंय, पण पुस्तक ऑगस्टमध्ये आलं असं ऐकतो. प्रत नकली तर नाही? (एक वाचक, आर्वी)

उत्तर : उलट तो मे महिनाच शोधायचा असतो. लंडनच्या सेकर अँड वॉरबर्गने पुस्तक 17 ऑगस्ट 1945 ला बाजारात आणलं. युद्धकाळात कागदाची मारामार होती, तारीख लांबली, आणि शीर्षकपानामागची 'मे 1945' ही ओळ तशीच राहिली. पहिला छापा 4,500 प्रतींचा. त्या ओळीखाली पुनर्मुद्रणाचा एकही उल्लेख नको. असेल तर प्रत नंतरची. कण्यावरची अक्षरं पांढरी असतात.

आता पेटी पुन्हा नीट उपसा आणि कागदी जॅकेट, म्हणजे पुठ्ठ्यावर चढवलेलं सुटं छापील वेष्टन, शोधा. ते हिरवं-करडं असतं, आतल्या घडीवर किंमत 6 शिलिंग. काही जॅकेटं प्रकाशकाच्या 'सर्चलाइट बुक्स' या मालिकेच्या उरलेल्या कागदावर छापली गेली, म्हणून उलटून पाहिलं की आतल्या बाजूला लाल छपाई दिसते. ती नसली म्हणून प्रत बाद होत नाही. मात्र किमतीचा कोपरा कात्रीने उडवलेला असेल तर भाव उतरतो, आणि जॅकेटच नसेल तर फारच उतरतो. विकणाऱ्याकडून फोटो मागवताना शीर्षकपान, त्यामागचं पान, कणा, जॅकेटच्या दोन्ही घड्या आणि जॅकेटची आतली बाजू मागा. नुसत्या मुखपृष्ठाच्या फोटोवर पैसे पाठवू नका.

प्रश्न : रद्दीत राजकारणावरची एक जुनी मराठी उपहास-कादंबरी मिळाली. सुरुवातीची पानं फाटलीत, वर्ष कळत नाही. (एक वाचक, दर्यापूर)

उत्तर : आधी मलपृष्ठ आणि शेवटचं पान बघा, किंमत आणि छापखाना बरेचदा तिथेच सापडतात. किंमत रुपये-आण्यांत असेल तर पुस्तक साधारण एप्रिल 1957 च्या आधीचं. 'न. पै.', म्हणजे नवे पैसे, असेल तर 1957 ते 1964 मधलं. नुसते 'पैसे' असतील तर बहुधा त्यानंतरचं. पण जुन्या शिलकी प्रतींवर विक्रेते नव्या किमतीचा शिक्का मारत, त्यामुळे शिक्का सोडून छापील आकडाच धरा.

पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर पुस्तक 15 ऑगस्ट 1972 नंतरचं, कारण पिनकोड त्या दिवसापासून सुरू झाले. नागपूरपुढे 'म. प्र.' दिसलं तर चक्रावू नका : नोव्हेंबर 1956 पर्यंत नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होती. शके असेल तर 78 मिळवा. पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतचं असेल तर 79. 'नाहीं', 'केलें' असे अनुस्वार 1962 च्या शुद्धलेखन नियमांआधीची खूण आहेत, पण त्यावर एकट्यावर विसंबू नका, कारण जुन्या मजकुराची पुनर्मुद्रणं तेच अनुस्वार घेऊन निघतात.

एक गोष्ट कळकळीने : असं पुस्तक बाइंडरकडे देऊ नका. तो मूळ कव्हर काढून टाकतो आणि तिन्ही कडा कटिंगला घालतो. गावच्या वाचनालयातल्या चांगल्या चांगल्या पहिल्या आवृत्त्या अशाच गेल्या आहेत.

प्रश्न : कसर आणि वाळवीचं काय करावं? भिंती मातीच्या आहेत. (एक वाचक, मेहकर)

उत्तर : वाळवी भिंतीतून येते, म्हणून लोखंडी कपाट पायांवर, भिंतीपासून अर्धा फूट लांब ठेवा आणि पायांपाशी मातीच्या नळ्या दिसतात का ते दर आठवड्याला बघा. कसर ओलाव्यावर जगते आणि बांधणीतली लई, म्हणजे चिकटवायची खळ, खाते. उन्हाळ्यात आपल्याकडे चूक होते ती कुलरची : बाहेर 45 अंश कोरडं ऊन आणि कपाट कुलरच्या ओल्या झोतासमोर! कपाट दुसऱ्या खोलीत हलवा.

कीड लागलेलं पुस्तक पूर्ण कोरडं असेल तरच दोन प्लास्टिक पिशव्यांत हवा काढून बंद करा आणि उणे 18 अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. साध्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा बहुतेक वेळा तेवढा थंड होत नाही. बाहेर काढल्यावर 24 तास पिशवी उघडू नका, नाहीतर थंड पानांवर पाणी धरतं. पुस्तक उन्हात वाळवायला टाकू नका. कागद पिवळा पडतो, पुठ्ठा वाकतो. कडुनिंबाचा पाला कडकडीत वाळवून पुरचुंडीत, कपाटाच्या कोपऱ्यात ठेवा. पानांत घातला तर डाग कायमचा.

प्रश्न : फाटक्या पानाला सेलोटेप चालेल? (एक वाचक, ब्रह्मपुरी)

उत्तर : नाही. डिंक काही वर्षांत तपकिरी होऊन कागदात मुरतो. पातळ जपानी टिश्यू आणि गव्हाच्या स्टार्चची लई वापरा. तेवढं जमणार नसेल तर फाटकं पान तसंच राहू द्या.