सिंक दाबूनही ठेका का सुटतो?

प्रश्न : हळदीला लॅपटॉपवर गाणी जोडून वाजवतो. नवी गाणी जुळतात, पण जुनं गाणं आलं की सिंक (दोन गाण्यांची लय आपोआप जुळवणारं बटण) असूनही ठेका सुटतो. काय करू?

उत्तर : जुन्या गाण्यांत ढोलकी-तबला माणसानं वाजवलेला, त्यामुळे लय किंचित पुढेमागे होते. सॉफ्टवेअर मात्र अख्ख्या गाण्यावर ठेक्याच्या समान अंतराच्या रेघा मारतं. ‘मिक्स’ (Mixxx) हे मोफत डीजे सॉफ्टवेअर वापरत असाल, तर सेटिंगमधली ‘कॉन्स्टंट टेम्पो’ची खूण काढून गाणं पुन्हा अ‍ॅनलाइज करा. खात्रीचा उपाय वेगळाच: जुनं गाणं संपवताना 4 मात्रांचा लूप, म्हणजे तोच तुकडा पुन्हा पुन्हा, लावा (लूपची लय हलत नाही), पुढचं हेडफोनवर ऐकून समेवर सोडा, 8 मात्रांत बदल उरका. दोन्ही गाणी जास्त वेळ एकत्र वाजवण्याचा मोह नकोच! दोन्हींचा बेस एकदम ठेवलात तर आवाज गढूळ होतो. आणि 100 बीपीएमचं (मिनिटाला 100 ठोके) गाणं 108 वर नेताना की-लॉक (वेग बदलला तरी सूर तोच ठेवणारी सोय) लावा, नाहीतर सूर अर्ध्या स्वराहून जास्त चढतो.