दुसऱ्यांचे नकाशे सांभाळणं, हे करिअर आहे का?

पत्र: माझी मुलगी भूगोलात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. विभागात भूजलाचा प्रकल्प चालू आहे. पीएच.डी.चे चार विद्यार्थी विहिरींचे नकाशे करतात आणि त्या सगळ्यांच्या फायली लावायचं काम हिच्याकडे आलंय. रात्री अकरापर्यंत लॅपटॉपसमोर असते, संशोधनाच्या पेपरवर नाव मात्र त्यांचं. तिचे वडील म्हणतात, बी.एड. करून मोकळी हो. ती म्हणते, मला हेच आवडतं. काय करावं?
– एक आई, इस्लामपूर

उत्तर: ताई, नमस्कार. तुम्ही ज्याला ‘फायली लावायचं काम’ म्हणता, ते नेमकं काय असतं ते आधी सांगते, कारण घरातला निम्मा वाद त्यावरच अडलाय.

आपल्याकडे वडगाव नावाची गावं किती आहेत? चार संशोधकांच्या चार तक्त्यांत नुसतं ‘वडगाव’ लिहिलेलं असेल, तर एका वडगावच्या विहिरीचं पाणी दुसऱ्याच तालुक्यात दाखवलं जातं. म्हणून प्रत्येक गावापुढे त्याचा जनगणनेचा कोड टाकावा लागतो. संगणकावरचे नकाशे ज्यात साठवतात तो शेपफाइल नावाचा प्रकार तर एक फाइल नसतोच, तो तीन-चार फायलींचा संच असतो. कुणी घाईत व्हॉट्सअ‍ॅपवर एकच पाठवली की नकाशा उघडत नाही, किंवा मराठीत लिहिलेली गावांची नावं प्रश्नचिन्हं होऊन येतात. त्यात स्तंभाच्या नावाला दहाच अक्षरं मिळतात. नावं कापली गेली की मे महिन्यातली पातळी कोणती नि ऑक्टोबरातली कोणती, हे कळायला मार्ग राहत नाही.

आणखी एक सांगते. नकाशा मोजण्यासाठी पृथ्वीचे पट्टे पाडलेले असतात. पुणे, सांगली 43 क्रमांकाच्या पट्ट्यात येतात, नागपूर 44 मध्ये, आणि यवतमाळ जिल्हा दोन्हीत विभागलेला. कुणी नागपूरच्या विहिरींना चुकून 43 लावला, तर त्या सगळ्या थेट गुजरातेत बारडोलीजवळ जाऊन पडतात. एवढी मोठी चूक निदान डोळ्यांना दिसते. बारीक चुका दिसत नाहीत, त्या तुमच्या लेकीसारखं कुणीतरी रात्री अकराला बसून शोधतं.

माझ्याकडे आलेल्या एका मुलाची गोष्ट विसरता येत नाही. त्याच्या आधीच्या विद्यार्थ्यानं तीन वर्षं शेतोशेत हिंडून मातीचे नमुने घेतले, नोकरी लागली, तो गेला. मागे राहिला एक पेनड्राइव्ह, त्यात आकडे होते, पण कुठला आकडा कुठल्या जागेचा हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. या मुलानं तीच शेतं पुन्हा खणली. हे टाळणारं माणूस विभागात असणं ही चैन नाही, गरज आहे.

आता नोकरीचं खरं चित्र. परदेशातल्या मोठ्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांत नकाशांचा डेटा सांभाळण्यासाठी स्वतंत्र माणसं असतात. अमेरिकेत स्टॅनफर्डसारखी विद्यापीठं आपले नकाशे एकमेकांना सापडावेत म्हणून सामाईक सॉफ्टवेअर वापरतात. आपल्या विद्यापीठांत अशी कायम जागा आज जवळपास नाहीच. प्रकल्पावर नेमणूक मिळते, ती ठरावीक मुदतीची, आणि हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. पण विद्यापीठाबाहेर हेच कौशल्य चालतं: उपग्रहांच्या चित्रांवर काम करणारी नागपूरचं महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आणि हैदराबादचं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र, शिवाय पुण्यातल्या जीआयएस, म्हणजे संगणकी नकाशांच्या, कंपन्या. केंद्र सरकारनं फेब्रुवारी 2021 मध्ये नकाशांच्या डेटावरचे बरेच निर्बंध सैल केले आणि 2022 मध्ये राष्ट्रीय भू-स्थानिक धोरण आणलं. त्यानंतर या कामाला खासगी क्षेत्रातही वाट मोकळी झाली आहे.

त्यासाठी नुसतं नीटनेटकेपण पुरत नाही. क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर तिला येत असेलच, ते मोफत आहे. त्यापुढे पायथन ही प्रोग्राम लिहायची भाषा आणि नकाशांचा डेटा एकत्र साठवणारं पोस्टजीआयएस, हे दोन शिकायलाच हवेत. हाताने चार दिवस लागणारी तपासणी चार मिनिटांत करणारा छोटा प्रोग्राम तिनं लिहिला, की तिला कुणी ‘फायली लावणारी’ म्हणणार नाही. डेहराडूनच्या आयआयआरएस या इस्रोच्या संस्थेचे मोफत ऑनलाइन वर्ग असतात, ते तिनं करावेत. एम.टेक.च्या प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेत 2022 पासून जिओमॅटिक्स इंजिनिअरिंगचा, म्हणजे जमिनीची मोजणी आणि नकाशांच्या तंत्राचा, स्वतंत्र पेपर आहे. एम.टेक.साठी प्रत्येक संस्थेची पात्रता वेगळी असते, ती आधी बघून घ्या.

आता पेपरवरच्या नावाबद्दल. इथे मला राग येतो, आणि तो तिच्या सरांपेक्षा आपल्याकडच्या सवयीवर आहे. अनेक जर्नल आता लेखकांची कामं 14 भूमिकांत वाटून लिहायला सांगतात आणि त्यात ‘डेटा क्युरेशन’, म्हणजे डेटा नीट लावून सांभाळणं, ही वेगळी भूमिका आहे. म्हणजे तिच्या कामाला जगात नाव आहे. शिवाय झेनोडोसारख्या, संशोधनाचा डेटा ठेवायच्या वेबसाइटवर डेटा ठेवला की त्याला पेपरसारखाच कायमचा ओळख क्रमांक, म्हणजे डीओआय, मिळतो, त्यावर करणाऱ्यांची नावं असतात आणि तो बायोडेटात लिहिता येतो. तिनं सरांपुढे तक्रार घेऊन जाऊ नये, प्रस्ताव घेऊन जावं: “सर, विहिरींचा डेटा मी सहाही जणांच्या नावानं, माहितीपत्रकासह जमा करते.” त्याआधी शेतकऱ्यांची नावं, फोन आणि गट क्रमांक मात्र काढून टाकायचे. त्या लोकांनी विश्वासानं विहीर दाखवली आहे.

तिच्या वडिलांना सांगा, बी.एड. वाईट नाही आणि तो दरवाजा दोन वर्षांनीही उघडाच राहील. पण हा प्रकल्प संपला, मुलं पांगली, की हा डेटा परत तिच्या हाती येणार नाही. तेव्हा परीक्षेच्या सुट्टीआधी तिनं सरांची वेळ घ्यावी. सोबत एका पानाचं माहितीपत्रक न्यावं: काय मोजलं, कधी, कुठल्या यंत्रानं, कुठल्या पट्ट्यात. सर काय म्हणाले, ते मला जरूर कळवा.