‘गुंतागुंत’ की ‘दुष्परिणाम’?

एका वाचकाने विचारलंय: डोळ्याच्या पडद्यावर रक्तवाहिन्यांची गाठ आहे, तिच्यावर लेसर करायचा आहे. त्या संमतिपत्राचं मराठी करताना ‘कॉम्प्लिकेशन्स’ला ‘गुंतागुंत’ म्हणावं की ‘दुष्परिणाम’?

दोन्ही शब्द लागतील, पण वेगवेगळ्या जागी. दुष्परिणाम उपचाराच्या अंगचा असतो. उपचार अगदी नीट लागू पडला तरी तो होऊ शकतो. या गाठींसाठी कधी कधी हाताच्या शिरेतून व्हर्टेपॉर्फिन सोडतात आणि मग ६८९ नॅनोमीटरचा लाल प्रकाश गाठीवर टाकून ते औषध तिथे जागं करतात. औषध चढताना काहींची पाठ दुखते, पुढचे काही दिवस उन्हात गेलं तर कातडी भाजते. हे दुष्परिणाम.

गुंतागुंतीचं तसं नाही. फॉन हिपेल-लिंडाउ या आनुवंशिक आजारात अशा गाठी होतात. गाठ दीड मिलिमीटरपर्यंतची असली तर साध्या लेसरने बहुधा काम भागतं. मोठी असली तर लेसर मारल्यावर कधी तीच गाठ आधीपेक्षा जास्त पाझरू लागते, कधी डोळ्याच्या आत रक्त उतरतं. इथे आजार आणि उपचार एकमेकांत अडकतात, म्हणून ‘गुंता’ चपखल बसतो.

जुना नेमका शब्द होता ‘उपद्रव’. मूळ रोगाच्या मागून, त्याच्याच आश्रयाने उद्भवणारा रोग, असा त्याचा अर्थ चरकसंहितेत दिला आहे. इतका काटेकोर शब्द हातचा गेला याची मला खरोखर हळहळ वाटते. पण आज उपद्रव डासांचा असतो, माकडांचा असतो. संमतिपत्रात तो चालणार नाही.

‘गुंतागुंत’ एकवचनीच ठेवा, ‘गुंतागुंती’ कानाला खटकतं. आणि तेवढ्या एका शब्दावर थांबू नका, काय होऊ शकतं ते क्रियापदाने सांगा. तिथे एक जागा फार जपायची. ‘डोळ्यात पाणी येऊ शकतं’ असं लिहिलंत तर वाचणारा अश्रू समजेल, रुमालाने डोळा पुसेल आणि घरीच थांबेल. ‘दृष्टिपटल विलग होणे’ही नको; लोक ‘पडदा सरकला’ म्हणतात. मी असं लिहीन: ‘लेसरनंतर गाठ जास्त पाझरून पडद्याखाली पाणी साठू शकतं, पडदा सरकू शकतो. नजर अंधुक वाटली तर त्याच दिवशी दाखवायला या.’