आहारातील प्रथिने कमी केल्यास इन्सुलिनचा स्राव घटतो का?

प्रथिने कमी केल्यास स्वादुपिंडातून होणारा इन्सुलिनचा स्राव घटतो का, आणि घटत असेल तर रक्तातील साखर वाढत कशी नाही, असे आपण विचारले आहे. स्राव घटतो, हे प्राण्यांवरील प्रयोगांत वारंवार दिसले आहे. साखर बहुधा वाढत नाही, कारण त्याच काळात यकृत आणि स्नायू इन्सुलिनला अधिक संवेदनशील होतात आणि कमी इन्सुलिनवर काम भागते.

घट कशी होते हे स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशीत पाहावे लागते. पेशीत शिरलेल्या ग्लुकोजपासून एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) तयार झाले की पोटॅशियमच्या वाहिन्या बंद होतात, पेशीपटलाचा विद्युतभार बदलतो, कॅल्शियम आत येते आणि इन्सुलिनच्या कणिका बाहेर पडतात. प्रथिनांचे घटक असलेली अमिनो आम्ले या क्रियेला जोर देतात: आर्जिनिन स्वतःच्या धनभारामुळे, तर ल्युसिन ग्लुटामेट डीहायड्रोजनेज हे विकर चेतवून. जेवणात प्रथिने कमी असली की हा जोर मिळत नाही. पण केवळ एवढेच कारण नाही. दूध तुटलेल्या उंदरांना १७ ते २० टक्क्यांऐवजी ५ ते ८ टक्के प्रथिनांचा आहार काही आठवडे दिला, की त्यांच्या बीटा पेशी वेगळ्या काढून भरपूर ग्लुकोज पुरवले तरी त्या कमीच इन्सुलिन सोडतात, म्हणजे पेशीची यंत्रणाच मंदावलेली असते.

माझ्या मते प्रथिने किती कमी झाली याइतकेच ती कोणत्या वयात कमी झाली हेही महत्त्वाचे आहे. गर्भारपणी मादीला कमी प्रथिने मिळाली तर पिलांच्या बीटा पेशींचे विभाजन मंदावते आणि त्यांच्याभोवती रक्तवाहिन्याही कमी तयार होतात. मादीच्या आहारात टॉरिन (अमिनो आम्लासारखा एक पदार्थ) घातल्यास हे नुकसान बरेच टळते. हेल्स आणि बार्कर या संशोधकांनी १९९२ मध्ये मांडलेल्या गृहीतकाचा गाभा हाच होता, की गर्भावस्थेत आणि बालपणी पोषण तोकडे पडले तर प्रौढपणी मधुमेहाचा धोका वाढतो.

मूत्रपिंडाच्या विकारात डॉक्टर वजनाच्या दर किलोमागे ०.६ ते ०.८ ग्रॅम प्रथिने सुचवतात, ती मर्यादा मात्र या कुपोषणाच्या पंगतीत बसवू नये, कारण तीत आवश्यक अमिनो आम्लांची गरज भागवलेली असते. तरीही, आपण इन्सुलिन किंवा स्राव वाढवणाऱ्या गोळ्या घेत असाल, तर आहार बदलताना साखर अधिक वेळा तपासा आणि मात्रा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.