कंपाला की नैरोबी: आधी घटनेचं कुलूप बघ

तू लिहिलंस ते असं: युगांडाच्या राजधानीत, कंपालात हिशेबाची नोकरी मिळतेय, केनियाच्या राजधानीत, नैरोबीतही मिळतेय, पगार जवळपास सारखाच. युगांडात १९८६ पासून एकच अध्यक्ष, म्हणजे देश स्थिर. केनियात दर निवडणुकीला रस्त्यावर दंगा. "तेव्हा कंपाला बरं ना काका?"

देवगडात बसून असंच वाटणार. मी कंपालात अकरा वर्षं काढली आणि २०२१ च्या अखेरीस नैरोबीला आलो. तरी तुला मी नैरोबीच सांगेन.

युगांडाच्या १९९५ च्या घटनेत स्पष्ट लिहिलं होतं की अध्यक्षाला पाच-पाच वर्षांच्या दोनच मुदती. तुझे ते एकच अध्यक्ष, मुसेवेनी, १९९६ आणि २००१ मध्ये निवडून आले. दुसरी मुदत संपत आली तशी २००५ मध्ये संसदेनं ती अटच काढून टाकली. उरली वयाची अट, ७५ च्या वर उभं राहता येत नव्हतं. तीही डिसेंबर २०१७ मध्ये गेली. तेव्हा मी तिथेच होतो. त्या सप्टेंबरात खासदार सभागृहात एकमेकांवर खुर्च्या उगारत होते आणि आमच्या ऑफिसातली तरणी मुलं टीव्हीसमोर गप्प उभी होती. पंचविशीची मुलं ती, जन्मापासून दुसरा अध्यक्ष पाहिलेला नाही. त्यांचं ते गप्प राहणं मी विसरलेलो नाही.

सध्या सुट्टीवर हर्णैला आहे. जून लागलाय, होड्या आंजर्ल्याच्या खाडीत नेऊन ठेवल्यात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. कुरकुर होते, पण तारीख ठाऊक असते म्हणून खलाशी गावी जातो, जाळी शिवून होतात, कर्जाचा हप्ताही तसाच बांधून घेतात. आता ही तारीख बोटमालकांनीच सभेत हात वर करून बदलायची असती तर? युगांडात नेमकं तसं झालं. मुदतीची अट होती, पण संसदेच्या दोन तृतीयांश मतांनी ती निघू शकत होती.

केनियात हे कुलूप वेगळं आहे. २०१० च्या घटनेत दोन मुदतींची मर्यादा आहे, आणि अध्यक्षाच्या मुदतीला हात लावायचा तर नुसती संसद पुरत नाही, सार्वमत घ्यावं लागतं. दोन मुदतींची मर्यादा जुन्या घटनेतही होती, तिच्यामुळे अध्यक्ष मोई २००२ मध्ये गेले. पुढे किबाकी २०१३ मध्ये गेले, उहुरू केन्याटा २०२२ मध्ये. त्या निवडणुकीत उहुरूंचा पाठिंबा रायला ओडिंगांना होता, जिंकले त्यांचे प्रतिस्पर्धी विल्यम रुटो. तरी शपथविधीला उहुरूंनी स्वतःच्या हातानं घटनेची प्रत आणि तलवार रुटोंकडे दिली. मी घरात टीव्हीवर ते पाहत होतो आणि खरं सांगतो, डोळे भरून आले.

दंग्याचं तुझं म्हणणं खोटं नाही. २००७ च्या निकालानंतर हजाराहून जास्त माणसं मेली. मुदतीच्या मर्यादेनं निवडणुकीतली चोरी थांबत नाही की पोलिसांची गोळीही थांबत नाही. पण वाद न्यायचा कुठे ते आता ठरलेलं आहे. निकालापासून सात दिवसांत अर्ज, पुढे चौदा दिवसांत सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय. २०१७ मध्ये त्या न्यायालयानं पदावर असलेल्या अध्यक्षाचा विजय रद्द करून फेरनिवडणूक लावली होती.

आणि कंपालात शांतता असते असंही समजू नकोस. जानेवारी २०२१ च्या मतदानाच्या आदल्या संध्याकाळी सगळ्या देशाचं इंटरनेट बंद झालं ते चार-पाच दिवस. आई इथे हर्णैत व्हॉट्सअॅपकडे डोळे लावून बसलेली.

आता कामाचं. केनियात मतदान दर पाचव्या वर्षी ऑगस्टच्या दुसऱ्या मंगळवारी. पुढचं १० ऑगस्ट २०२७ ला. गणपती त्या वर्षी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आहेत, तेव्हा जमलं तर रजा ऑगस्टच्या सुरुवातीपासूनच टाक, आणि बायकोमुलांना न्यायचं ते गणपतीनंतर. तिथे राहणारच असशील तर दोन आठवड्यांचा शिधा, थोडी रोकड, कामाच्या परवान्याच्या प्रती घरात ठेव. भारतीय उच्चायुक्तालयात नाव नोंदव. बचत दर महिन्याला इकडच्या खात्यात टाकत जा. १९७२ मध्ये ईदी अमीननं आशियाई लोकांना नव्वद दिवसांत युगांडाबाहेर काढलं. पुढे बरेच जण परतले, आज तशी भीती मला वाटत नाही, पण सगळं एका देशात ठेवू नये हे आम्ही जुन्या गुजराती शेजाऱ्यांकडूनच शिकलो.

कंपालाच घ्यायचं ठरलं तरी माझी नाराजी नाही. माणसं फार मायाळू आहेत, हवाही सुरेख. फक्त करार दोन वर्षांचा कर आणि परतीचं तिकीट कंपनीकडून लिहून घे.

मी महिनाअखेरपर्यंत हर्णैतच आहे. दोन्ही नेमणूकपत्रं घेऊन ये. परवाना कोणी काढायचा आणि नोकरी सुटली तर तो किती दिवस चालतो, ती कलमं आपण बसून वाचू.