आधी प्रॉपर्टी कार्ड, मग आठवणी

पुणे

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं टाचण वाचलं. पुण्यातल्या जुन्या थिएटरांवर काम करायचं ठरवलंस, याचा आनंद आहे. पण टाचणात कुठला सिनेमा कुठे किती आठवडे चालला, कुणाला बघायला किती गर्दी लोटली आणि इंटरव्हलला वडा कुठे चांगला मिळायचा, यापलीकडे फारसं काही नाही. हा सिनेमाचा इतिहास झाला, थोडा वड्याचाही झाला. थिएटरचा झाला नाही. थिएटर ही आधी एक जागा असते. ती कुणाच्या मालकीची होती, चालवायला कुणी घेतली, परवाना कुणाच्या नावावर होता, तिकीटखिडकीमागे आणि वरच्या केबिनमध्ये कोण राबत होतं, शेवटी कुलूप का लागलं, हे आधी शोध. आठवणी त्यानंतर गोळा कर. उलटं केलंस तर जो जास्त रंगवून सांगेल त्याचंच खरं वाटायला लागेल.

सुरुवात मंडईपासून कर. १९१५ साली गंगाधर नथुजी पाठक, म्हणजे बापूसाहेब पाठक, यांनी तिथे 'आर्यन' उभं केलं. पुण्यातलं पहिलं कायमस्वरूपी सिनेमागृह म्हणून त्याचंच नाव घेतलं जातं. १९८३ मध्ये ते पाडलं. आज मंडईत गाडी घेऊन जाणारा माणूस 'आर्यनला लाव, नाहीतर मिनर्वाला बघ' असं सहज म्हणतो, आणि ही वाहनतळाची नावं सिनेमागृहांवरून आली आहेत हे त्याच्या गावीही नसतं. टिळक चौकात उभं राहून रिक्षावाल्याला 'टिळक चौक' म्हणून बघ. 'अलका टॉकीज' म्हटल्याशिवाय मीटर पडत नाही.

नावांच्या बाबतीत मात्र सावध राहा. लक्ष्मी रस्त्यावरचं 'विजय' पूर्वी 'लिमये नाट्यचित्र मंदिर' होतं. कॅम्पातलं 'व्हिक्टरी' म्हणजे आधीचं 'कॅपिटॉल'. जुन्या पेपरात नुसतं 'विजय' शोधत बसलास तर अर्धा इतिहास हाती लागणार नाही, आणि जुनं नाव दिसलं की ते तू निराळंच थिएटर समजून बसशील. म्हणून थिएटरच्या नावाने नोंदीचं कार्ड करूच नकोस. सिटी सर्व्हे नंबरने, म्हणजे नगर भूमापनात त्या जागेला मिळालेल्या क्रमांकाने कर. वर नंबर, खाली एकामागून एक नावं, प्रत्येकापुढे साल आणि ते साल कशावरून ठरवलं ते. नावं बदलतात, नंबर सहसा बदलत नाही. बदलला तरी तशी नोंद मिळते.

अप्पा बळवंत चौकातलं 'प्रभात' घे. १९३४ साली ते सुरू झालं. जागा सरदार किबे यांची, चालवणारे दामले. २०१४ च्या अखेरीस करार संपला, जागा किबे कुटुंबाकडे परत गेली आणि पाटी लागली 'किबे लक्ष्मी'. तेव्हा पेपरांतून 'प्रभात बंद झालं' म्हणून गळे काढले गेले. थिएटर पुढेही सुरूच होतं. तुझ्या कार्डावर म्हणून चार ओळी वेगवेगळ्या हव्यात: जमिनीचा मालक, इमारतीचा मालक, चालवणारा, परवानाधारक. कधी चारही एकच माणूस असतो, कधी चौघे चार गावचे. 'हे थिएटर अमुक यांचं' असं कुणी म्हणालं की विचार, यांतलं नेमकं काय त्यांचं?

एक बारकी सूचना. 'प्रभात' या शब्दाखाली शोधायला गेलास की थिएटर, फिल्म कंपनी, रस्ता आणि दैनिक असे चार ढीग एकत्र येतात. १९२९ मध्ये कोल्हापुरात निघालेली आणि १९३३ मध्ये पुण्यात आलेली कंपनी आणि अप्पा बळवंत चौकातली इमारत यांची सरमिसळ करणारे लेख मी वाचले आहेत. चांगल्या माणसांनी लिहिलेले आहेत.

आता कागद कुठे. शहराच्या पेठांतली मिळकत असेल तर नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका, म्हणजेच प्रॉपर्टी कार्ड, काढ. खरेदीखतं आणि भाडेपट्टे यांच्या नोंदी दुय्यम निबंधकाकडे. बांधकामाचे मंजूर नकाशे महापालिकेत; पण महापालिका १९५० ची आहे, त्याआधीचा कारभार नगरपालिकेचा, आणि शिवाजीनगर किंवा डेक्कनच्या बाजूचा काही भाग तर निराळ्या उपनगर नगरपालिकेत होता. त्या कागदांत शिवाजीनगर सापडलं नाही तर 'भांबुर्डे' बघ. कॅम्पातल्या थिएटरांसाठी महापालिकेत हेलपाटे घालू नकोस. तिथे कँटोन्मेंट बोर्ड आणि संरक्षण खात्याची जमीन. त्यांचं जमिनीचं रजिस्टर वेगळं असतं.

सिनेमागृहाचा परवाना आपल्याकडे १९५३ च्या कायद्याखाली, आणि शहरात तो पोलीस आयुक्तालयाच्या अखत्यारीत. करमणूक कर त्याहून जुना, १९२३ च्या कायद्याचा. तो गोळा करायचं काम जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शाखेकडे. १ जुलै २०१७ पासून हा कर जीएसटीत गेला. आता त्या शाखेच्या जुन्या बाडांशी कुणाचं रोजचं काम उरलेलं नाही, आणि ज्या कागदाशी कुणाचं काम नाही तो कागद सरकारी कचेरीत फार दिवस सुरक्षित राहत नाही. म्हणून तिथे सगळ्यात आधी जा. माहिती अधिकाराचा अर्ज केलास तर 'सर्व माहिती द्यावी' असं लिहू नकोस, उत्तर नकारार्थीच येईल. एक थिएटर, पाच वर्षं, आणि प्रतींऐवजी अभिलेखाचं अवलोकन माग. समोर फाईल आली की शेजारची फाईलही दिसते.

सरकारी दप्तराची एक खोड लक्षात ठेव. थिएटरात काही वाईट घडलं तरच ते तिथे ठळक दिसतं. २४ जानेवारी १९४३ ला क्रांतिकारकांनी 'कॅपिटॉल'मध्ये बॉम्बस्फोट घडवला, गोरे सैनिक मेले. त्या एका रात्रीबद्दल तुला भरपूर वाचायला मिळेल. त्याच थिएटरात त्याआधी वर्षानुवर्षं रोज कोण बसत होतं, पुढच्या रांगेचं तिकीट किती होतं, झाडू कोण मारत होतं, यावर दप्तर मुकं. ते रोजचं आयुष्य शोधायचं तर कागद वेगळे: जाहिराती, हँडबिलं, तिकिटं आणि डीसीआर, म्हणजे थिएटरचा रोजच्या गल्ल्याचा तक्ता.

जाहिरातींसाठी 'ज्ञानप्रकाश' आणि 'केसरी'चे जुने अंक, १९३२ पासून 'सकाळ'. 'आर्यन'च्या सुरुवातीच्या काळात 'केसरी' दैनिक नव्हता हे ध्यानात ठेव, नाहीतर रोजची जाहिरात मिळत नाही म्हणून थिएटर बंद होतं असा निष्कर्ष काढशील. शुक्रवारचेच अंक चाळायची सवयही सोड. पहिला बोलपट १४ मार्च १९३१ ला मुंबईत लागला, तो वार शनिवार होता. आणि 'पंचविसावा आठवडा' ही जाहिरात साक्ष म्हणून घे, पुरावा म्हणून नको. सिनेमा रोजच्या एका मॅटिनीवर ढकलूनही आठवडे वाढवता येत. खरा आकडा डीसीआरमध्ये असतो: कुठल्या दराची किती तिकिटं खपली, कर किती, वितरकाच्या वाट्याला किती. हे कागद थिएटरच्या माळ्यावर किंवा एखाद्या वितरकाच्या वारसाकडे पोत्यात असतात आणि पोत्यातूनच रद्दीत जातात. एक पोतं वाचवलंस तर तुझ्या प्रबंधापेक्षा मोठं काम झालं, असं मी म्हणेन.

हँडबिल हाती आलं तर आधी तळाची बारीक ओळ वाच. १८६७ च्या कायद्याने छापील कागदावर मुद्रकाचं नाव आणि ठिकाण घालणं बंधनकारक होतं. छापखाना कळला की पत्ता आणि काळ यांचा अंदाज येतो. तिकिटाचं तर आणखी सोपं: दर आण्यांत असेल तर ते एप्रिल १९५७ च्या आधीचं, 'नवे पैसे' असतील तर त्यानंतरच्या सात-आठ वर्षांतलं. अर्थात मालकाने जुना साठा शिक्का मारून खपवला असेल हेही धर. पुण्यातला मालक तो फुकट घालवणार नाही.

लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जाशील तेव्हा पोस्टर बघत रमू नकोस. गाण्यांच्या पुस्तिका माग, त्यांची मागची पानं बघ. थिएटरचा शिक्का किंवा स्थानिक जाहिरात कधी कधी तिथे सापडते.

आता माणसं. इथे घाई कर, कारण रिळं चालवलेले ऑपरेटर आता फार उरलेले नाहीत. पण 'तुमच्या काळातला सगळ्यात गाजलेला सिनेमा कोणता' असं विचारलंस तर ते तुला पेपरात छापून आलेलंच सांगतील. हाताला विचार, डोक्याला नंतर. प्रोजेक्टरच्या दिव्यात जळणाऱ्या कार्बनच्या कांड्या कुठे ठेवायचात? एका जोडीत किती रिळं निघायची? हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपतं. तेवढ्यात दुसरं मशीन तयार ठेवायचं, मग जेवायचात केव्हा? चेंजओव्हर चुकला की खालून काय काय ऐकावं लागायचं? एकच प्रिंट दोन थिएटरांत लावली होती का, आणि रिळं घेऊन सायकल कोण मारायचं? अशा प्रश्नांना माणूस खुर्चीतून उठून हातवारे करून उत्तर देतो. ते हातवारे रेकॉर्ड कर, नुसता आवाज नको.

साल विचारू नकोस. 'पुराच्या आधी की नंतर?' असं विचार. १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर पुण्यातल्या त्या पिढीच्या डोक्यात पक्का बसला आहे. त्याच्या अलीकडे-पलीकडे गोष्टी लावल्या की बाकीचं जुळवता येतं. घरात टीव्ही कधी आला हाही चांगला खुंटा आहे.

ऑपरेटर आणि मॅनेजर यांच्यावर थांबू नकोस. बुकिंग क्लार्क, डोअरकीपर, बोर्ड रंगवणारे पेंटर, कँटीनवाले, आणि खास पुण्यासाठी सायकल स्टँडचा ठेकेदार. सायकलींच्या या शहरात कुठल्या खेळाला कुठल्या पेठेतला माणूस यायचा हे त्याच्याइतकं मॅनेजरलाही ठाऊक नसायचं. बायकांना वेगळं विचार, आणि शक्यतो घरातले पुरुष समोर नसताना. कुठल्या थिएटरात एकटीने जाता यायचं, कुठे नाही, कुठला खेळ घरच्यांना चालायचा, हे त्या सांगतील. ब्लॅकवाल्यांनाही भेट. ते हिशोबाचे पक्के असतात. मात्र त्यांची नावं छापू नकोस. त्यांची नातवंडं आता बँकेत आहेत. रेकॉर्डिंगला लेखी संमती घे आणि छापण्याआधी त्यांचं बोलणं त्यांना वाचून दाखव.

इमारत स्वतःही बोलते. पडद्यामागे खोल रंगमंच असेल तर तिथे आधी नाटकं होत असणार. केबिनच्या जाड भिंती आणि भोकांवरच्या लोखंडी झडपा या जुन्या नायट्रेट फिल्मच्या भीतीने आल्या. ती भडका घ्यायची. छपरावर नळकांडं दिसलं तर ते कार्बनच्या धुरासाठी. पडद्याची चौकट बाजूंनी तोडलेली दिसली तर रुंद पडद्याचा सिनेमास्कोप आल्यावर केलेली मोडतोड असू शकते. टेप घेऊन जा, मोजमापं काढ, फोटोत पट्टी ठेव. बंद इमारतीत परवानगीशिवाय पाऊल टाकू नकोस. सडलेल्या बाल्कनीला तुझ्या संशोधनाचं कौतुक नाही.

मालकाकडे जाशील तेव्हा तो तुला बिल्डरचा, भाऊबंदांचा नाहीतर करखात्याचा माणूस समजेल. आधी पत्र दे, काय हवंय ते लिहून दे, मूळ कागद घरी मागू नकोस, त्याच्याच टेबलावर फोटो काढ. वाटणीचा किंवा पुनर्विकासाचा वाद कोर्टात असेल तर त्यावर एक ओळही लिहू नकोस.

आणि लिहिताना 'हरवलेलं वैभव' हा सूर आवर. त्या खुर्च्यांत ढेकूण होते. मुतारीचा वास पुढच्या रांगेपर्यंत यायचा. पंखे बाल्कनीवर फिरायचे आणि खाली पिटात, म्हणजे पुढच्या स्वस्त जागांवर, घाम. हे सगळं नोंदव, कारण मल्टिप्लेक्स आल्यावर लोक का गेले याचं निम्मं उत्तर तिथेच आहे.

सध्या चारच थिएटरं घे: आर्यन, विजय, प्रभात, व्हिक्टरी. चार कार्डं भरून झाली की घेऊन ये, रकाने रिकामे राहिले तरी चालतील. ग्रंथालयात पेन्सिल ने, जुन्या फायलींजवळ शाईचं पेन पुष्कळ ठिकाणी चालत नाही. संध्याकाळी सहानंतर मी घरीच असतो.

कळावे, लोभ आहेच.